दुसऱ्या पेरापर्यंत

१

झाडाने मान टाकली असं म्हणत कुणी आलं की मी आधी त्याला स्टुलावर बसवते आणि विचारते, "मातीत बोट घातलंत का?" बहुतेकांनी घातलेलं नसतं. पान जरा लोंबलं की माणसाचा हात आपसूक झारीकडे जातो आणि तिथेच झाडाचा घात होतो. पाणी कमी पडलं तरी झाड मान टाकतं आणि पाणी जास्त होऊन मुळं कुजायला लागली तरी तश्शीच टाकतं. वरून बघून फरक कळत नाही. बोट दुसऱ्या पेरापर्यंत आत गेलं पाहिजे, मगच खरं काय ते समजतं.

हे मी इतक्या लोकांना इतक्या वेळा सांगितलंय की रोपवाटिकेतली मंडळी मला डॉक्टरीणबाई म्हणतात. तोंडावर हे म्हणतात, पाठीमागे काय म्हणतात देव जाणे. मालकांनी फाटकाजवळ मला एक टेबल टाकून दिलंय. लोक कुंड्या कडेवर घेऊन येतात, नाहीतर फोनवर फोटो दाखवतात, आणि मी चष्मा कपाळावर चढवून निकाल देते. निकाल द्यायला मला आवडतं, ते लपवण्यात अर्थ नाही.

घरी मात्र एकच झाड आहे. दिवसभर दुसऱ्यांच्या झाडांची नाडी बघितल्यावर घरी आणखी जंगल कोण करणार? ही एक पीस लिली, गुडघ्याला लागेल एवढी, रुंद काळपट हिरव्या पानांची. तिला कडक ऊन सोसत नाही, म्हणून ती मागच्या खोलीत खिडकीजवळ ठेवलेली. बाबा गेल्यावर आई आमच्याकडे राहायला आली तेव्हा तीच खोली तिला दिली. झाड हलवलं नाही. आईला म्हटलं, तुला सोबत होईल.

आई आल्यानंतर काही महिन्यांनी त्या झाडाने मान टाकली.

२

मी बोट घातलं. माती ओली होती. नुसती ओली नाही, चिखल झालेला. बोट बाहेर काढलं आणि तिथल्या तिथे पुन्हा आत घातलं, कारण काहीतरी खटकलं होतं. ती ओल कोमट होती.

खिडकीतून ऊन येत असेल, असं मनाशी म्हटलं. पण त्या खिडकीतून ऊन येत नाही, म्हणून तर झाड तिथे होतं.

"आई, झाडाला पाणी घातलंस का गं?"

आई पलंगावर स्वेटरची बटणं लावत बसली होती. "नाही बाई."

"मग कुणी घातलं?"

तिची खालून वरपर्यंत सगळी बटणं लावून झाली, मग म्हणाली, "बेबी, चहा ठेवू का?" मी पन्नाशीची, चष्म्याची, गुडघेदुखीची, आणि आईसाठी अजून बेबीच. एरवी मला त्याचं हसू यायचं. त्या दिवशी वाटलं, विषय बदलतेय.

पुढे पानांची टोकं करपली आणि मातीवर पांढरट साय धरली. आमच्या कामात हा प्रकार रोजचा. मातीत क्षार साठले की असं होतं. लोक खत जास्त घालतात किंवा स्वयंपाकघरातलं उरलंसुरलं खारट पाणी कुंडीत ओततात. मी आईला सरळ विचारलं, की तू भाज्या उकडलेलं पाणी ओततेस का यात. ती म्हणाली, "मी मीठ कशाला घालू झाडाला? मला काय कळत नाही?" मी तिचे हात हातात घेतले आणि वास घेऊन बघितला. स्वतःच्या आईच्या हातांचा, चोरी पकडल्यासारखा. हातांना साबणाचा वास होता. तिने हात ओढून घेतले नाहीत. माझं होईपर्यंत तसेच धरून ठेवले.

३

झारी मी माळ्यावर टाकली. आईच्या खोलीतला पाण्याचा जग काढून लहान बाटली ठेवली. कुंडीखालची ताटली कोरडी पुसून कामाला जायचे आणि दुपारी घरी आल्या आल्या, चपला काढायच्या आधी, बोट घालायचे. उन्हं चढली की आमची रोपवाटिका बंद होते ती थेट संध्याकाळी उघडते, त्यामुळे दुपारी मी घरीच असते. रोज माती ओली, रोज कोमट.

"वय झालंय, घालत असतील आणि विसरत असतील. एका झाडापायी किती डोकं लावशील?" नवरा म्हणायचा.

पण माझ्या डोक्यात दुसरंच घर करून बसलं होतं. पाणी घालते हे आठवत नाही, तर उद्या गॅस आठवणार नाही. परवा दार उघडं टाकून निघून जाईल. गॅस एकदाच राहिला होता, तसा तो माझाही राहतो. बाकी आई सगळं बरोबर करत होती. औषधं वेळेवर, हिशेबात माझ्यापेक्षा पक्की. तिच्याविरुद्ध पुरावा म्हणावा तर ते एक झाडच होतं, आणि झाडाच्या बाबतीत माझ्यापुढे कोण बोलणार? धाकट्या भावाला फोनवर सगळं सांगितलं. तो म्हणाला, "ताई, तुला त्यातलं कळतं, तू म्हणशील तसं."

तो भेटायला आला तेव्हा मी आईला त्याच्यासमोर कुंडीपाशी नेलं. आज आठवलं तरी अंग चोरून घ्यावंसं वाटतं.

"घाल बोट," मी म्हटलं.

आईने बोट घातलं. एखाद्या परीक्षेला बसल्यासारखं, नीट, दुसऱ्या पेरापर्यंत. मीच कधीतरी शिकवलं होतं तिला.

"ओलं आहे की नाही?"

"ओलं आहे."

"मी आणि हे सकाळपासून बाहेर होतो. कुणी घातलं पाणी?"

आईने माझ्याकडे बघितलं नाही, भावाकडेही नाही. कुंडीच्या पलीकडे, जमिनीलगत कुठेतरी बघितलं आणि हळू आवाजात म्हणाली, "मीच घातलं असेल."

भाऊ खिडकीबाहेर बघत राहिला. मला जिंकल्यासारखं वाटलं.

४

जागा चांगली शोधली. म्हाताऱ्या माणसांसाठी चालवलेलं घर, स्वच्छ, मोठ्या खिडक्या, नर्स चोवीस तास. आईने एक पेटी भरली. दारात तिने विचारलं, "झाडाचं काय करणार?" मी म्हटलं, "आता ते होईल बरं." हे मी कोणत्या सुरात म्हटलं ते मला ऐकू आलं होतं.

तिला सोडून आले त्याच दुपारी मी लिली कुंडीतून उपटली. निम्म्याहून जास्त मुळं तपकिरी, मऊ. चिमटीत धरली की साल निघून यायची. ती सगळी कापली. उरलेली पांढरी मुळं धुतली, नवी कुंडी घेतली, कोकोपीट, वाळू, थोडं शेणखत असं हलकं मिश्रण भरलं. अशा झाडाला लगेच पाणी घालायचं नसतं, कापलेल्या जखमा आधी सुकू द्यायच्या असतात. मिश्रण कोरडं, बोटाला धूळ लागेल इतकं कोरडं होतं. कुंडी उचलून पुन्हा आईच्या खोलीत ठेवली आणि दार ओढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी दार उघडलं. पानं लोंबलेली. ते अपेक्षित होतं, उपटलेलं झाड काही दिवस रुसतंच. सवयीने बोट घातलं.

मी तिथेच, आईच्या पलंगाच्या कडेला बसले. बोटावरचा कोमट चिखल सुकेपर्यंत मला उठता आलं नाही.

५

मी डोकं ठिकाणावर ठेवलं. स्टुलावर चढून छताला हात लावून बघितला, कोरडं ठणठणीत. त्या खोलीत एसी नाही, नळ नाही, भिंतीत पाइप नाही. खिडकी आतून बंद. नवऱ्याला विचारलं, तर तो वैतागला. "मी? मला झाडाला पाणी घालायचं असतं हे तरी माहीत आहे का?" हे खरं होतं.

मग कुंडी उचलून बाहेरच्या खोलीत आणली, टीव्हीशेजारी ठेवली. तिथे माती कोरडी राहिली. माझा जीव भांड्यात पडला. म्हटलं, त्या कोपऱ्यातच काहीतरी दोष आहे, जमिनीतून ओल येत असेल, फरशी उकरून घेऊ.

ते बघायला म्हणून मी मागच्या खोलीत गेले. जिथे कुंडी असायची तिथे फरशीवर पाणी होतं. जमिनीतून येणारी ओल सांध्यांतून येते, पसरते. हे थेंब होते, वरून पडलेले, एकावर एक पडून तळहाताएवढं थारोळं झालेलं. त्याच्या कडेला पांढरी रेघ सुकली होती. मी त्यात बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. का लावलं, मला सांगता येणार नाही. चव लगेच ओळखीची वाटली, लहानपणी गालावरून ओठांत उतरते ती.

मी फडक्याने फरशी पुसली आणि कुंडी उचलून जागच्या जागी आणून ठेवली. नुसत्या फरशीवर ते पडत राहावं, हे मनाला पटलं नाही.

धाकट्याला त्याच वेळी फोन करायला हवा होता. फोन हातात घेतलाही. "आई नव्हती रे," एवढंच म्हणायचं होतं. पण त्यापुढे तो विचारणार, मग कोण होतं? मी फोन खाली ठेवला आणि उद्या करू म्हटलं. उद्याही तेच म्हटलं.

६

दुपारी मी आमच्या खोलीत पडले होते. झोप लागत नव्हती. बाहेर गाड्यांचा आवाज, वरच्या मजल्यावर कुणीतरी कपाट सरकवत होतं. त्या सगळ्याच्या खाली एक बारीक आवाज होता. थेंबाचा. नळाचा थेंब ठरावीक पडतो, हा तसा पडत नव्हता. एक पडायचा, मग दोन-तीन लागोपाठ, मग बराच वेळ काही नाही, आणि पुन्हा.

मी अनवाणी गेले. दार अर्धवट उघडं होतं. दारासमोर आईच्या कपाटाचा आरसा आहे, त्यात खिडकीकडचा कोपरा दिसतो. आरशात लिली दिसली. लिलीच्या अलीकडे कुणीतरी फरशीवर बसलं होतं.

"आई?" मी म्हटलं. खरंच म्हटलं. आई इथे नाही हे मला नंतर आठवलं.

बाई होती. पाठ माझ्याकडे, अंगावर धुऊन धुऊन रंग गेलेलं काहीतरी, केस कसे होते ते दिसलं नाही, कारण मान पुढे पडली होती. वाकवलेली नाही, पडलेली. कपाळ कुंडीच्या काठाला टेकलं होतं. एवढ्या खाली माणसाची मान जात नाही. खांदे हलत होते, आवाज काही नव्हता, फक्त मातीवर थेंब.

मला भीती वाटली ती बऱ्याच वेळाने, स्वयंपाकघरात ओट्याला धरून उभी असताना. आधी वाटलं ते वेगळंच. न ठोठावता कुणाच्या खोलीत शिरावं आणि बघू नये ते बघावं, तशी मी ओशाळले. दार हळूच लावून घेतलं, तिला कळू नये असं.

७

म्हाताऱ्यांच्या त्या घरात आईची खोली पहिल्या मजल्यावर आहे. ती खिडकीशी बसली होती. मी पिशवी खाली ठेवली आणि उभ्या उभ्याच म्हणाले, "आई, तू नव्हतीस. पाणी तू घालत नव्हतीस. मी बघितलं."

आईने आधी उठून दार लावलं.

"कुणाकुणाला सांगितलंस?"

"अजून कुणालाच नाही."

"मग नको सांगूस." ती पुन्हा खुर्चीत बसली. "चेहरा दिसला का तिचा?"

"नाही."

"मलाही नाही दिसला कधी. मान वरच करत नाही बिचारी."

बिचारी म्हणाली. मी पलंगावर बसले. "तुला माहीत होतं? मग सांगितलं का नाहीस मला?"

"सांगणार होते. दोनदा तोंड उघडलं. पण तू तेव्हा माझ्या बारीकसारीक गोष्टींवर नजर ठेवून होतीस, बेबी. चहात साखर घातली का, ते पण मागून येऊन चाखायचीस." आई हसली. रागावली असती तर बरं झालं असतं. "पाणी घातलं आणि विसरले म्हटलं तर म्हातारी विसरते, एवढंच. कोपऱ्यात बाई बसून रडते म्हटलं असतं, तर मला कुठे नेऊन ठेवलं असतंस?"

लाजेने माझे कान गरम झाले होते. "चल घरी," मी म्हटलं. "पेटी भरते. आत्ताच चल."

"आणि धाकट्याला काय सांगशील? जावईबापूंना? झाड रोज ओलं होणारच. मी तिथे असले की मीच घालते म्हणतील, आणि मी नसताना झालं तर..." तिने वाक्य पुरं केलं नाही. माझ्याकडे अशा काळजीने बघितलं, की मला समजलं. माझ्याकडे लोक उद्या कसं बघतील ते ती आजच बघत होती.

"मी सांगते त्यांना खरं काय ते," मी म्हणाले. माझा आवाज मलाच पटला नाही, तर तिला काय पटणार. ती थोपटत राहिली माझा हात.

निघताना आई म्हणाली, "दुपारी तिच्याजवळ बसत जा थोडा वेळ. काही बोलायला लागत नाही. कुणी बसलं की तिचं रडणं कमी होतं. मी बसायचे त्या दिवशी माती जवळजवळ कोरडी असायची."

"तुला भीती नाही वाटली?"

"दुपारचं दुसरं कोण होतं गं बोलायला? तू झोपायचीस."

८

मी बसायला लागले. आईची खुर्ची कुंडीजवळ ओढून, पायाशी न बघता. गुडघ्याच्या बाजूला कोमट हवा लागते, घरात कुणी नुकतं आंघोळ करून आल्यासारखी. पहिल्या दिवसांत मी खुर्चीचे हात घट्ट धरून बसायचे आणि घड्याळाकडे बघायचे. मग सवय झाली. आईजवळ एवढा वेळ मी कधी बसले नव्हते, हे त्या खुर्चीत बसल्यावर रोज लक्षात येतं आणि रोज नव्याने मान खाली जाते.

गुण मात्र आला. थेंब कमी झाले. माती बोटाला नुसती गार, भुरभुरीत लागायला लागली, हवी तशी. नवी पानं फुटली, टोकांना डाग नाही. मग एक कळी वर आली आणि तिचं लांब पांढरं फूल झालं. नवऱ्याने फोटो काढला आणि मला न विचारता धाकट्याला पाठवला. रात्री जेवताना सहज म्हणाला, "आई गेल्या आणि झाड कसं सुधारलं बघ. तुझा अंदाज बरोबर होता."

मी पाणी प्यायले. त्याला थांबवायला तेवढी एकच वेळ होती, ती गेली. मी बसायचं सोडलं तर झाड पुन्हा मान टाकेल, मग सगळ्यांना दिसेल की आई नव्हती. आणि मग त्यांचे डोळे माझ्याकडे वळतील. मी बसत राहिले तर झाड असंच फुलत राहील आणि आई तिथेच राहील. हे मला त्या जेवणाच्या टेबलावर लख्ख कळलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी पुन्हा खुर्ची ओढली.

धाकट्याचा फोन तेव्हाच आला. मी कोपऱ्यात बसले होते, पायाशी थेंब अधूनमधून पडत होता.

"ताई, फूल काय मस्त आलंय. खरं सांगू? मला मधूनमधून टोचायचं. वाटायचं आपण उगाच घाई केली, आईला बरंच सगळं आठवत होतं. पण आता फोटो बघितला आणि बरं वाटलं. तीच घालत होती ना पाणी?"

खिडकीबाहेर कुणीतरी मोटार धूत होतं. आई या वेळी तिथल्या खिडकीशी बसलेली असेल. एका शब्दाचं काम होतं.

"हो," मी म्हणाले. "तीच घालत होती."

पायाशी थेंब पडायचा थांबला. फोनवर भाऊ पुढे काहीतरी बोलत होता, मला नीट ऐकू येत नव्हतं. गुडघ्याजवळची कोमट हवा हलली. खूप दिवस न हललेलं काहीतरी सावकाश उचललं जात होतं, वर, माझ्या बाजूला वळत, आणि आता ते थांबलं होतं आणि माझ्याकडे बघत होतं.

मी खाली बघितलं नाही. मी पानांकडे बघत राहिले. सगळी पानं ताठ उभी होती.